चव नसलेलं लॉन

गवताची चव कळणारा माणूस जगात एकच आहे आणि तो रावेतला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. लातूरकडचे हे काका चाकणच्या एका कंपनीत घणांच्या आवाजात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झाले, आणि काकू गेल्यापासून एकटेच असतात. रोज सकाळी सोसायटीमागच्या मोकळ्या पट्टीत जायचं, मारवेल गवताची काडी पेरापाशी धरून अलगद ओढायची आणि तिचा पांढरा, कोवळा देठ चावत उभं राहायचं, हा त्यांचा नेम. भिंतीकडची काडी तुरट, नळाजवळची गोड पण पाणचट, असे त्यांचे बारीक भेद असत. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे एक काडी धरत. "घ्या की. उसाचीच जात हाय." मी ऑफिसची घाई दाखवून निसटायचो, रविवारीसुद्धा.

सोसायटीच्या अध्यक्षांनी पुढच्या अंगणात विकतचं लॉन अंथरलं, तेव्हा फीत कापली आणि पर्यावरणावर भाषण केलं. टाळ्या थांबल्यावर काका वाकले, एक पातं उपटून चावलं आणि म्हणाले, "दिसायला लई भारी हाय, अध्यक्ष. पर चवच न्हाई."

"काका, ते खायचं नसतं."

"मग लावलं कशाला?"

त्यानंतर सोसायटीत त्यांच्याशी कोणी फारसं बोलेना. आधी कोण बोलत होतं, हाही प्रश्नच.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: मागच्या पट्टीत आज पहाटे तणनाशक फवारले आहे, लहान मुलांना व कुत्र्यांना लांब ठेवावे. काका या दोहोंत बसत नव्हते आणि ग्रुपवरही नव्हते. मी अनवाणीच जिने उतरलो. काडी त्यांच्या तोंडाशी पोचतच होती.

"काका, टाका ती. औषध मारलंय."

त्यांनी काडी टाकली. मला वाटलं, आता गवतासाठी हळहळतील, अध्यक्षांचा उद्धार करतील. ते माझ्या पायांकडे बघत राहिले.

"मला सांगायला आलात?"

"हो."

"मुद्दाम?"

नळावर साबण लावून त्यांनी दोनदा हात धुतले आणि मला चहाला घरी नेलं. फळीवरून दोन कप काढले. दुसऱ्या कपावर दुकानाचं लेबल अजून तसंच होतं. "बसा, निघतंय आता," म्हणत ते नखानं खरवडू लागले. लेबल निघायला बराच वेळ लागला, आणि त्यांनीही फारशी घाई केली नाही.