नंबर घागरीनं लागतो

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी सोडून सगळं साठत होतं. किस्से तर लईच!

बीडजवळ आमच्या सहकारी संस्थेचा दवाखाना. तिथंच हॉस्पिटल मॅनेजमेंटचा कोर्स चालायचा. माझा विषय होता, नवा विचार कसा करायचा.

पहिल्या तासाला मी सलाइनची रिकामी बाटली टेबलावर ठेवली. "हिचे वेगवेगळे उपयोग सांगा."

"पाणी भरायचं!" अख्खा वर्ग एकदम.

"दुसरा उपयोग?"

घाटनांदूरचा गणेश बराच वेळ विचार करून म्हणाला, "मॅडम, भरलेलं पाणी घरी न्यायचं."

*

संस्थेचे चेअरमन म्हणजे आबा. एक दिवस वर्गात आले. "मॅडम, खाली ओपीडी रिकामी अन् वर तुमी मॅनेजर तयार करताय. मॅनेज काय करणार, खुर्च्या?"

पोरं हसली. आबा नाही हसले. "मे संपेस्तोवर गर्दी दिसली न्हाई तर वर्गाला कुलूप."

मला भयंकर राग आला. शेतीवर भरवसा उरला नाही म्हणून ही पोरं इथं आली होती. कुलूप लागलं असतं तर वर्षही गेलं असतं आणि नोकरीची आशाही. म्हटलं, आता गर्दी करूनच दाखवायची.

*

गरोदर बायका तपासणीला येतच नव्हत्या. पोरांनी उपाय काढले: मेसेज पाठवू, रिक्षावर भोंगा लावू, बॅनर लावू. मी विचारलं, "बायकांना कुणी विचारलं का?"

उमापूरची शबाना उठली आणि थेट वस्तीवर गेली. "ताई, तपासणीला कावून येत न्हाई?"

"घागर रांगेत सोडून? मागं टँकर येऊन गेला तर पाणी तू देणार का?"

"देणार!"

परत आली ती रडकुंडीला. "मॅडम, मी हो म्हणून बसले!"

*

मग वर्ग सरपंचबाईंकडे गेला. मागणी एकच, वस्तीचा टँकर दवाखान्याच्या आवारात उभा करा. आम्ही भाषण पाठ करून गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं सावली हाय का?"

"हाय, कडुलिंबाची."

"मग लावा की!"

*

नियम सोपा होता. घागर रांगेत ठेवायची आणि टँकर येईपर्यंत कुणीही तपासून घ्यायचं. घागरीचा नंबर तोच तपासणीचा नंबर. पहिल्याच दिवशी ओपीडी भरली. डॉक्टर नावं विसरून ओरडायला लागले, "हिरवी घागर, आत या!"

एका आजीनं तर भांडणच काढलं. "माझ्या दोन घागरी हायत, मग तपासणी एकदाच कशी?"

*

मे संपत आला. एका दुपारी आबा आले, हातात नवंकोरं कुलूप. जिन्याकडे निघाले आणि रांग बघून थबकले. लिंबाखाली घागरीच घागरी, ओपीडीत बसायला जागा नाही. मी वरून बघत होते.

उन्हानं आबांना गरगरल्यासारखं झालं. बीपी बघून घ्यावं म्हणून ते सरळ डॉक्टरांच्या दाराकडे निघाले.

दारातल्या बाईनं हात आडवा घातला. "आबा, नंबरानं."

"अगं, मी चेअरमन हाय."

"असाल की! घागर कुठंय तुमची?"

सगळी रांग आबांकडे बघत होती. आबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग गुमान मागं गेले, शेवटच्या घागरीमागं कुलूप ठेवलं आणि लिंबाखाली जाऊन बसले.