ड्रममधला समुद्र

भिलाईत समुद्र नाही, हे मला सांगायला कॉलेजात पुष्कळ लोक होते. स्टील प्लांटच्या धुळीविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या मुलीनं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला समुद्राच्या लाटांवर वीज करायचं यंत्र घ्यावं, याचं त्यांना भारी हसू. "मॅडम, बंगाल की खाड़ी भिलाई तक आ गई क्या?" मी उलट विचारायची, धूर तेवढा आमचा आणि लाटा दुसऱ्यांच्या, हे कोणी ठरवलं?

कागदावर यंत्र साधं होतं. तरंगता डबा लाटेबरोबर वर-खाली होणार, त्याला जोडलेला चुंबकांचा दांडा नळीत सरकणार आणि नळीवर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेत वीज होणार. नळी बाबांनी केली. बाबा प्लांटमधून रिटायर झालेले फिटर. जवळच्या रसमड्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर उभे राहून त्यांनी ती आतून आरशासारखी गुळगुळीत करून आणली. कशाची करायची, ते मी ड्रॉइंगवर लिहिलंच नव्हतं आणि त्यांनी विचारलं नाही. मरोद्याच्या आमच्या घरात पाळण्यापासून तुळशीच्या कठड्यापर्यंत सगळं पोलादाचं. कशाचं, हा प्रश्नच आम्हाला पडत नाही.

अंगणातल्या पाण्याच्या ड्रमवर यंत्र बसवलं आणि चुंबक नळीला आतून जे चिकटले, ते दोन्ही हातांनी ओढले तेव्हा कुठे हलले. वीज कसली! चुंबकांचा जोर लोखंडच गिळत होतं, तारेपर्यंत काही पोचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परीक्षकांना दाखवायचं होतं. चाललं नाही तर वर्ष गेलं.

नळी फेकायला हवी, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण बाबा तीच नळी शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवून आलेले. चौकात माइकवर प्लांटच्या साहेबांना खोटारडे म्हणणारी मी, नुसती तार चाचपत बसले.

"कावून गप झाली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, नळी मस्त आहे. पण लोखंडाची आहे."

"मंग का मातीची करू?"

"प्लास्टिकची पायजे. नळाच्या पाइपासारखी."

बाबांनी नळीवरून हात फिरवला. आता हे जेवणारसुद्धा नाहीत, असं मला वाटलं. मग ते एकदम हसले.

"मी केव्हाचा पाहून राहिलो, चुंबक चिपकून राहिले. मले वाटलं, पोरीचं डिझाइनच चुकलं. पण तुले सांगन कोण? तू त भाषण सुरू करतं!"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "दोघं एकमेकाले भेऊन बसले, अन् माझा ड्रम अडवून ठेवला!"

छातीवरची पोलादाची लादी कोणी उचलून नेल्यासारखं झालं. बाबांनी करवत काढली, पाण्याचा जुना पाइप कापला. मी तार उकलून पुन्हा गुंडाळली. डबा हातानं दाबला आणि तारेला जोडलेला इवलासा लाल दिवा लुकलुकला. आई ड्रम विसरून बघायला आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षक ड्रमवरच्या यंत्राभोवती फिरले आणि म्हणाले, "सब ठीक है, पर लहर कहाँ है?"

यंत्र उचलायला म्हणून आलेले बाबा दारातून पुढे झाले आणि त्यांनी शर्टाची बाही वर सारून हात ड्रमच्या पाण्यात घातला.