सात रिकाम्या खुर्च्यांची सभापती

तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर माझ्यावर आणखी एक खटला, आणि आहेत तेच मला पुरेसे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातला आहे, एवढं बस्स.

मथुराबाई मुनेश्वर त्या तालुक्याच्या पंचायत समितीवर निवडून आल्या त्याआधी कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी घेऊन वावरावावरानं फिरायच्या. भाव ठरवायच्या, भांडायच्या, टोळीतली एखादी आजारी पडली तर तिच्या वाट्याचं वेचून द्यायच्या. बौद्धवाड्यातल्या बायांनीच त्यांना उभं केलं आणि निवडून आणलं. पंचायत समितीत सदस्य आठ. सात एका पक्षाचे, मथुराबाई एकट्या दुसऱ्या पक्षाच्या.

२००४ साली दसऱ्याच्या आधी सभापतीपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी निघाली : अनुसूचित जातीची महिला. आता सभागृहात तशी बाई एकच. बहुमत असून सात जणांचा काही इलाज चालेना. मथुराबाई बिनविरोध सभापती. त्या दिवसापासून त्यांना तोंडावर म्हणायचे, "चिठ्ठीतली सभापती." म्हणणारे कोण? ज्यांच्या बापानं पक्षाचं तिकीट घरात ठेवून मग डोळे मिटले, ते.

त्यांचे म्होरके सदाशिवराव, उपसभापती. स्वतः कापसाचे व्यापारी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त सह्या करा. कारभार आम्ही पाहून घेऊ."

"करतो ना भाऊ. वाचून करतो. येळ लागते मले, तेवढं सांभाळून घ्या."

त्या साली कापूस मायंदाळ झाला आणि भाव पडला. तालुक्यात सरकारी खरेदी केंद्र नव्हतं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर तो दिग्रसला न्यायचा, बाकीचे सदाशिवरावांसारख्यांच्या काट्यावर मागतील त्या भावात घालायचे. ज्यांनी घातला नाही त्यांच्या घरात कापूस छताला टेकला. लोक ओसरीवर निजू लागले. लेकरांच्या अंगाला खाज सुटली, रात्रभर खाजवायची. धनी विकेना म्हणून पुढची वेचणी अडली आणि टोळीच्या बाया घरी बसल्या. त्या मथुराबाईंच्या दारात यायच्या. "माय, तू तं आता खुर्चीवर हायस. आमचं काय?"

मथुराबाईंनी नोव्हेंबरच्या सभेत एकच विषय घेतला. तालुक्यात सरकारी खरेदी केंद्र तात्काळ उघडावं, असा ठराव.

सभेच्या दिवशी सात जण आले, पण सभागृहात नाही. समोरच्या टपरीवर बसले. खिडकीतून दिसत होते. सभेला किमान तीन सदस्य लागतात. याला सरकारी भाषेत गणपूर्ती म्हणतात. मथुराबाईंनी शिपायाला पाठवलं. तो परत आला तो खाली मान घालून.

"काय म्हणले?"

"म्हणले, सभा तहकूब करा. आमचा चहा तहकूब होत नाही."

गटविकास अधिकाऱ्यांनी अर्धा तास घड्याळ पाहिलं आणि सभा आठ दिवस पुढे ढकलली. मी मथुराबाईंच्याच पक्षाचा कार्यकर्ता; मला कळलं तेव्हा माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "मथुराबाई, मोर्चा काढू. टपरीच उलथून टाकतो."

"टपरीवाल्यानं काय केलं रे तुमचं? बसा खाली. सभा हाय माही, तिथंच होईल."

आठ दिवसांनी पुन्हा तेच. सात जण टपरीवर, भजी खात. मी दाराशी उभा होतो. मथुराबाईंनी अधिकाऱ्यांना विचारलं, "सायेब, आता पुन्हा पुढं ढकलायची का?"

साहेब फायलीत बघत बोलले, "तशी गरज नाही. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे... तुम्ही एकट्या असलात तरी सभा होते."

आठ दिवस हा माणूस गप्प होता. का? तर कोणी विचारलं नाही म्हणून. सरकारी पगार खाऊन कायदा पोटात ठेवायचा, अशी ही जात सगळ्या कचेऱ्यांत सापडते. आणि ते टपरीवरचे सात? सभेला न जाता सभा मारायची, हीच त्यांना येणारी एक विद्या, आणि तीही अर्धीच शिकलेली.

विषय वाचला गेला. "बाजूने?" मथुराबाईंनी हात वर केला. "विरोधात?" साहेबांनी सवयीनं सात रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. ठराव सर्वानुमते मंजूर.

बातमी टपरीवर पोचली तसे सातही जण धावत आले. सदाशिवरावांच्या हातात भज्याचा कागद तसाच.

"हे बेकायदा आहे. ठराव रद्द करा."

"करा ना भाऊ. पुढच्या सभेत आणा. पण हात वर करून करा. मी लोकायले सांगतो, पाहाले या म्हणून."

आणि सांगितलं. डिसेंबरच्या सभेला खिडक्यांत माणसं, दारात माणसं, टोळीच्या बाया तर पायऱ्यांवर फतकल मारून. सात जण या वेळी खुर्च्यांवर होते. मथुराबाईंनी विचारलं, "सरकारी केंद्र नको, असं कोणाले वाटते?" खिडकीतून एक म्हातारा बोलला, "सदाशिवराव, हात दुखते काय? उचलून देऊ?" लोक हसले. एकाही बहाद्दराचा हात वर आला नाही.

म्हणजे जिंकलो, असं वाटलं असेल तुम्हाला. पंचायत समितीचा ठराव म्हणजे नुसती शिफारस. ती यवतमाळला गेली, तिथून मुंबईला, आणि ज्यांच्या घरात कापसाचं एक बोंडही नाही अशा टेबलांवर पडून राहिली. मथुराबाई यवतमाळला एसटीनं इतक्या वेळा गेल्या की वाहक त्यांची जागा धरून ठेवू लागला. केंद्र उघडलं जानेवारी सरता सरता. तोवर अर्ध्या तालुक्याचा कापूस व्यापाऱ्यांच्या घशात गेला होता. काट्याची पूजा कोणी केली? सदाशिवरावांनी. फलकावर सातही जणांचे फोटो, सभापतीचं नावसुद्धा नाही.

मी चिडून फलक उतरवायला निघालो. मथुराबाईंनी माझी बाही धरली.

"आज नका भांडू. गाड्या मोजून होऊ द्या. भांडण झालं तं काटा बंद करतीन."

बैलगाड्यांची रांग नाक्याच्या पुढे गेली होती. मथुराबाई रांगेच्या कडेनं चालत गेल्या आणि प्रत्येक गाडीवाल्याला एकच गोष्ट विचारत गेल्या : घरी अजून किती राह्यला, आणि वेचाले बाया कवा पाठवू.