वैनी आणि बिननावाची कॅसेट

लागलेलं गाणं अर्धवट सोडून वैनी कधी पुढे गेली नाही. डिचोलीच्या बाजारात एखाद्या हॉटेलातल्या रेडिओवर गाणं सुरू झालं की ती पिशवी पायाशी ठेवून रस्त्याच्या कडेला उभी राहायची. गाणं चांगलं की वाईट, याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. पुढे गेलेली आई मागे वळून ओरडायची, "अगो, बस चुकतली!" वैनी शांतपणे म्हणायची, "त्येचा सांगून होवंदे." ती स्वतः मात्र कधीच गायली नाही. आरतीलाही ती नुसत्या टाळ्या वाजवायची.

वैनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दोडामार्गच्या पलीकडच्या गावातून लग्न होऊन लाटंबार्सेला आमच्या घरी आली. ती मालवणी बोलायची, आई आणि मी कोकणीकडे झुकलेलं काहीतरी बोलायचो आणि मराठी शाळेत मास्तर असलेले बाबा जेवतानासुद्धा पुस्तकी मराठीत आमटी मागायचे. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. भाषेवरून गावात भांडणं होत, आमच्या ओसरीवरही होत. वैनी चहा ठेवून आत जायची. एकदा बाबांनीच तिला विचारलं, "सूनबाई, तुझं मत काय?" ती म्हणाली, "मामांनू, माका सगळ्यांचा कळता. अडता खंय?"

दादा खनिजाचा टिपर चालवायचा. घरातला टेप त्याचाच. आल्यावर हातपाय धुवायच्या आधी तो सिनेमाची गाणी लावायचा. लग्नाला तीन वर्षं होत होती. एका दुपारी उतारावर त्याचा टिपर रस्ता सोडून खाली गेला, आणि दादा जागीच गेला.

वैनी रडली नाही. मयेहून, कारापूरहून बायका भेटायला यायच्या, तिच्यासमोर बसायच्या, पदर डोळ्याला लावायच्या आणि पदराआडून तिच्याकडे बघायच्या. ती त्यांना पाणी द्यायची. महिन्याभरात गावात तिला 'फातर' म्हणायला लागले, म्हणजे दगड. हे तिच्या कानावर गेलं, तेव्हा तिने आईला एवढंच विचारलं, "माका रडाक येना नाय, तर मी काय करू?" मी तेव्हा म्हापशाला कॉलेजात होतो आणि शक्य तितका वेळ घराबाहेर काढत होतो.

कॉलेजात पेडण्याकडचा एक मित्र होता. हरमलला त्यांच्या घरच्या खोल्यांत परदेशी लोक भाड्याने राहायचे. त्यांतला कुणीतरी जाताना एक कॅसेट विसरून गेला. कुठून तरी उतरवून घेतलेली, वर ना नाव ना चित्र. रॉकचा अल्बम होता, पण आम्ही ऐकलेल्या रॉकसारखा नव्हता. गिटार लोखंड घासल्यासारखी वाजायची. गाणाऱ्याचा आवाज झोपेतून उठवल्यासारखा. मध्येच कुणी खोकायचं, ड्रमवाल्याचा ताल सुटायचा, आणि कुणी ते पुसायची तसदी घेतली नव्हती. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एक लांबलचक गाणं होतं. त्यात त्याचा आवाज वर जाता जाता फाटायचा आणि तो तसाच फाटका गात राहायचा. मित्राला ते आवडलं नाही. मला आवडलं की नाही, हे मलाही सांगता आलं नसतं, पण मी ती मागून घेतली.

काजूचे दिवस होते, परीक्षेआधीच्या सुट्टीत मी घरीच होतो. दुपारी माझ्या खोलीत मी दादाच्या टेपवर ती कॅसेट हळू आवाजात लावली होती. वैनी मागच्या दारी काजूच्या बोंडांपासून बिया वेगळ्या करत होती. चिकट हात तसेच अधांतरी धरून ती दारात येऊन उभी राहिली. बाजू संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "भावजी, हेका कोणी सांगूक नाय काय, जरा बरा गा म्हणान?"

मी म्हटलं, सांगितलं असेल, यानं ऐकलं नसेल.

"बरा केल्यान," वैनी म्हणाली आणि परत बियांकडे गेली.

त्यानंतर ते रोजचं झालं. दुपारचं आवरून ती यायची आणि उंबऱ्यावर बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी शब्दकोश घेऊन एका गाण्याचा अर्थ लावला. थंड खोली, न आलेलं पत्र, असलं काहीतरी होतं. मी सांगायला लागलो तर तिने हात वर केला. "ऱ्हवांदे भावजी. तुमी सांगलात काय गाणा लहान होता." तिला त्यातल्या चुका पाठ झाल्या होत्या. ड्रमवाला चुकायची जागा जवळ आली की ती बोट वर करायची. "हय हेचो ताल सुटता. तरी थांबना नाय, जाता तसोच फुडे."

शेजारी कुजबूज सुरू झाली. नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि ही इंग्रजी गाणी ऐकते. बाबा सहसा कुणाच्या बोलण्याला भीक घालत नसत, पण त्या दिवसांत त्यांच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं. एक दिवस शाळेतून आले, टेप उचलला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "या घरात हा धिंगाणा नको," ते म्हणाले.

वैनी त्यावर बोलली ती दोन दिवसांनी, बाबांना वाढताना. आवाज चढवला नाही. "मामांनू, टेप तुमच्या झिलाचो, तुमी ठेवा. पण एक सांगतंय. ह्या घरात येता तो माका रडताना बघूक येता. ह्यो टेपातलो एकच माणूस येता नि आपला रडणा आपणच रडता. माझ्याकडे बघना नाय."

बाबांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. हात धुऊन उठले, कपाट उघडलं आणि टेप आणून माझ्या टेबलावर ठेवला. मग खुर्ची ओढून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे ताठ बसले आणि म्हणाले, "लाव." मी दुसरी बाजू लावली. बाबांनी पहिली दोन गाणी कपाळाला आठ्या घालून ऐकली. "मी याला नापास केला असता," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण मुलगा कुणाचं बघून लिहीत नाही."

शेवटच्या गाण्यात तो आवाज फाटला, तेव्हा बाबांनी चष्मा काढला. मला वाटलं पुसायला काढला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. दादा गेल्यापासून लोकांना सावरत, कागदांवर सह्या करत, चहा द्यायला सांगत ते नुसते उभे होते. आता ते तोंडावर हात न धरता रडले. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली. मी टेप बंद करायला हात पुढे केला. वैनीने मान हलवून मला थांबवलं. गाणं संपल्यावर तिने बाबांना पाणी आणून दिलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. ती त्या दिवशीही रडली नाही. पुढेही कधी रडलेली मी पाहिली नाही, आणि नंतर मला त्याचं नवल वाटेनासं झालं.

पुढच्या वर्षी बाबांनीच खटपट करून तिला बालवाडीच्या शिक्षणाला घातलं. पेडण्याकडे तिला नोकरी लागली. तिकडेच काही वर्षांनी तिने एका शिक्षकाशी लग्न केलं. त्या लग्नात बाबा मुलीच्या बाजूने उभे राहिले. आता ती निवृत्त झाली आहे.

नोकरीसाठी ती निघाली, त्या सकाळी बाबा तिची ट्रंक घेऊन बसथांब्यावर आले होते. मी कॅसेट कागदात गुंडाळून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही.

"हयच ऱ्हवांदे," ती हळू आवाजात म्हणाली. "मामांका लागतली."

बस गेली. दुपारी जेवण झाल्यावर मी खोलीत पडलो होतो. बाबा टेपजवळ उभे होते, हातात कॅसेट उलटीसुलटी करत.

"काय रे," ते म्हणाले, "पहिली बाजू कुठली?"