कलाबाईंचे पंचवीस मार्क

हिलाल गुरुजींनी सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत एकाही पोराला कॉपी करू दिली नाही. शर्टाची बाही, कंपासपेटीचं झाकण, पट्टीची मागची बाजू, सगळ्या जागा त्यांना तोंडपाठ. मग बाप येऊन पाया पडो, नाहीतर नगरसेवकाचा फोन येवो, पेपर हिसकावला म्हणजे हिसकावला. माणूस वाईट नव्हता हो, पण परीक्षा म्हटली की त्यांच्या अंगात यायचं.

त्यांची बायको कलाबाई. खानदेशातल्या शिरपूरकडची, चौथी शिकलेली, पण डोकं असं की गल्लीतल्या सगळ्या पोरांचे वाढदिवस तिच्या ध्यानात. तीच कलाबाई दोन वर्षांपूर्वी जवळच्याच भेस्तानच्या बाजारात भाजी घेऊन उभी राहिली आणि घर कुठल्या बाजूला ते तिला आठवेना. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. त्या दिवसापासून गुरुजींच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. ही एक दिवस आपल्यालाही विसरणार, या एकाच भीतीनं माणूस पोखरला होता.

अशात इस्पितळातून फोन आला. एका नव्या गोळीची चाचणी सुरू होती. तिथं काम करणाऱ्या योगितानं दोघांना समोर बसवलं आणि समजावून सांगितलं, की आपली प्रत्येक पेशी स्वतःची झाडलोट स्वतः करते. बिघडलेली प्रथिनं, झिजलेल्या तंतुकणिका, सगळा कचरा गुंडाळून लयकारिकांकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांकडे नेते. तिथं त्याचा भुगा होतो, कामाचं असेल ते परत वापरलं जातं. या आजारात मेंदूच्या पेशींची ही झाडलोट मंदावते आणि कचरा साचत जातो. ती पुन्हा जोरात सुरू करता येते का, ते या गोळीनं बघायचंय.

गुरुजी खुर्चीत ताठ झाले. लयकारिका! अहो, जन्मभर त्यांनी फळ्यावर काढल्या होत्या त्या. 'आत्मघाती पिशव्या' म्हणून पोरांकडून घोकून घेतल्या होत्या. त्याच पिशव्या आता कलाबाईचं डोकं साफ करणार? त्यांचे डोळे भरून आले. योगिता पुढं म्हणाली, की गोळीचा गुण येतो की नाही ते अजून कुणालाच माहीत नाही, आणि निम्म्या लोकांना तर औषध नसलेली नुसती साधी गोळी मिळेल. ते गुरुजींच्या कानावर पडलं, पण आत काही शिरलं नाही.

"काका, एकच जागा उरलीय. महिनाअखेरीला भरती बंद," योगिता म्हणाली. "पंधरा दिवसांनी काकूंची तीस मार्कांची चाचणी घेऊ, त्यावर ठरेल. घरी मात्र काही तयारी करून घेऊ नका."

तयारी करू नका! हे कुणाला सांगताय? गुरुजींचा हिशोब सरळ होता: जागा एक आणि परीक्षा आहे, म्हणजे जास्त मार्कवाला आत. आजवर दुसरी कुठली तऱ्हा त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांनी मोबाईलवर असल्या चाचणीचे नमुने शोधले, वहीत उतरवले आणि कलाबाईला पाटावर बसवलं.

पंधरा दिवस त्या घरात दुसरा विषय नाही. आज वार कोणता? जिल्हा कोणता? शंभरातून सात काढत खाली ये. कलाबाई भाजी निवडताना पुटपुटायची, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." आणि अडकली की गुरुजींच्या तोंडाकडे बघायची.

"ध्यान कोठे शे तुनं?" गुरुजी ओरडायचे.

"माले नही येत हो."

"येत नही म्हणजे? परत म्हण!"

एकदा त्यांनी पाटावर पट्टी आपटली. कलाबाई दचकली, उठून मोरीत गेली आणि कडी लावून बसली. बाहेर उभं राहून त्यांनी चुचकारलंही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वही पुन्हा उघडली. करणार काय? वेळ थोडा होता आणि जागा एक.

चाचणीच्या दिवशी योगितानं त्यांना मागच्या खुर्चीवर बसू दिलं. "काका, मध्ये बोलायचं नाही." गुरुजींनी मान डोलावली.

कलाबाईनं सुरुवात मात्र अशी केली, की वा रे वा! वार, महिना, जिल्हा सुरत, राज्य गुजरात. सातची उतरण घडाघडा, थेट पासष्टपर्यंत. चित्र काढताना घसरली, एका वाक्यात गडबडली, पण निभावलं. मग योगिता म्हणाली, "काकू, मघाशी तीन शब्द सांगितले होते. कोणते?"

हे शब्द वहीत नव्हते.

"आंबा," कलाबाई म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "खुर्ची." आणि पुढं काही नाही. तिनं बोटं चोळली, छताकडे पाहिलं, मग हळूच मागं वळून पाहिलं. योगिता कागदावर काहीतरी लिहीत होती. आणि गुरुजींचा हात, देव शप्पथ, त्यांना न विचारता वर गेला आणि त्यानं नाकावरचा चष्मा सारखा केला.

"चष्मा!" कलाबाई ओरडली.

गुरुजींनी हात झटकन खाली घेतला. आपण हे काय केलं?

योगितानं बेरीज केली आणि तिचा चेहरा पडला. "काका, काकूंना पंचवीस पडले. गोळी आजार थोडा पुढं गेलेल्यांसाठी आहे, अठरा ते चोवीसमध्ये बसणाऱ्यांसाठी. एका मार्कानं राहिलं. पण ही चांगलीच गोष्ट आहे म्हणा."

गुरुजी ताडकन उठले. "तो एक मार्क माझा आहे." "चष्मा मी दाखवला. तो कापा."

योगितानं कागद पुन्हा पुढं ओढला. मग सावकाश म्हणाली, "तसं असेल तर डॉक्टरांना सांगून बघते. चोवीस होतात, बसतं. पण काका, खरं सांगा. बाकीची उत्तरं त्यांची स्वतःची आहेत ना? घरी काही पाठ करून घेतलं नाही ना?"

एक 'नाही' म्हटलं की जागा मिळत होती. खरं सांगायचं तर गुरुजी खोटंच बोलणार होते, तोंडही उघडलं होतं. पण 'पाठ' हा शब्द ऐकला मात्र, कलाबाई खुर्चीत ताठ बसली, हाताची घडी घातली आणि कुणी न विचारता सुरू झाली. "आज बुधवार. जिल्हा सुरत. राज्य गुजरात. देश भारत. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. झालं ना, गुरुजी? आते मारशाल नही ना?"

गुरुजींनी मान खाली घातली. पट्टी तिच्या अंगाला कधी लागली नव्हती, हे आता कुणाला सांगायचं?

"किती दिवस?" योगितानं विचारलं.

"पंधरा."

तिनं पेन खाली ठेवलं. तिला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. "मग यातला एकही मार्क धरता येत नाही. पुन्हा चाचणी सहा महिन्यांनी, आणि भरती या महिन्यात बंद. काका, अहो, मी सांगितलं होतं ना! काही केलं नसतं, तर कदाचित बसल्या असत्या."

गुरुजींनी हात जोडले. ते कलाबाईला धरून जिना उतरले आणि फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. माणसानं आपल्याच हातानं बायकोची एकुलती एक संधी घालवली होती.

कलाबाईनं त्यांची बाही ओढली. "गुरुजी, जमनं का माले?"

"जमनं," गुरुजी कसेबसे म्हणाले.

"मंग आते अभ्यास नही ना?"

"नही. आते कधीच नही."

कलाबाईचा चेहरा असा खुलला, की दोन वर्षांत गुरुजींनी तसा पाहिला नव्हता. तिनं त्यांचा हात घट्ट धरला. गुरुजी भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागले, आणि ती त्यांना समजावत राहिली की रडू नका, मी पास झाले.