कोंब न काढणारी यीस्ट

दौलतभाऊ पडद्यावर बोट ठेवून इंग्रजी वाचत. चंद्रपुरातल्या सायबर कॅफेचा मालक काच पुसून वैतागायचा, "काका, हे का शाळेची पाटी हाय?" भाऊ बोट उचलत आणि पुढच्या ओळीवर ठेवत. आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. माणसाला आजारी पाडणाऱ्या यीस्टच्या, म्हणजे एका जातीच्या बुरशीच्या, सगळ्या जनुकांची माहिती कुण्या परदेशी विद्यापीठाने इंटरनेटवर खुली ठेवली होती. दर रविवारी भाऊ ती वाचत. जनुकांची नावं घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकचे नंबर वाचावेत तशी मोठ्याने वाचत.

"कोणतं जनुक का करते, सारं लिवून हाय मॅडम. फुकट! पण वाचते कोण?"

मी नवजात बालकांच्या वॉर्डात नवी डॉक्टर होते. नव्या पदवीचा ताठा होता. मी हसायची.

रिपोर्टमध्ये मात्र भाऊ एक शब्द जास्तीचा लिहीत नसत. अंदाज विचारला की म्हणत, "दिसते थे लिवाचं. वाटते थे आपल्या घरी ठेवाचं."

एटापल्लीकडच्या एका जोडप्याचं कमी दिवसांचं बाळ आमच्याकडे होतं. त्याच्या रक्तात यीस्ट निघाली, मी नेहमीचं औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी भाऊ छापील कागद घेऊन स्वतः वॉर्डात आले.

"मॅडम, नेहमीची यीस्ट रक्ताच्या सीरममंदी ठेवली का कोंब काढते. हिनं नाई काढला. साखरेच्या नळ्याबी लावून पाह्यल्या, जात येगळी हाय. या कागदात लिवून हाय, हिच्यापाशी असं जनुक हाय का औषध आत आलं का बाहेर फेकते. हे औषध बदला."

दुसरं औषध नागपूरहून मागवावं लागणार होतं, शिवाय ते मूत्रपिंडाला जड. ही कारणं खरी होती. पण सायबर कॅफेतला कागद दाखवून एक तंत्रज्ञ मला शिकवतो, हे मला जास्त झोंबलं होतं. "तुम्ही रिपोर्ट द्या, औषधाचं मी बघते," मी म्हणाले. कागद टेबलावर ठेवून ते गेले.

दोन दिवसांनी बाळ फारच खालावलं, तेव्हा मी नागपूरला फोन केला. औषध दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आलं. बाळ सकाळीच गेलं होतं.

बाप प्रयोगशाळेत आला. मी दारातच उभी होते.

"कायनं गेलं, भाऊ?"

दौलतभाऊ खुर्चीतून उठले. "औषध बदलाले उशीर झाला. चूक माह्यी हाय. मले मालूम होतं, पण मी भांडलो नाई."

बापाने त्यांना हात जोडले आणि तो माझ्या शेजारून बाहेर पडला. मी बाजूला सरून त्याला वाट दिली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढे चार वर्षं आम्ही एकत्र काम केलं. मग ते निवृत्त होऊन सिंदेवाहीला गेले आणि तिथेच वारले. चूक माझी होती, हे मी त्यांना कधीच म्हणाले नाही. त्या बापाचं तर मी नावही विचारलं नव्हतं.