कुंकू लागलेली डबी

माझं गॅरेज भरे गावात, माझ्या जुन्या जोडीदाराचं महाळुंग्यात. मधे चांगलं पाऊण तासाचं अंतर, तरी त्याचं गॅरेज माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काचेचं ऑफिस, गिऱ्हाइकाला बसायला सोफा, आणि गाडीला जोडलं की तिचं दुखणं पडद्यावर लिहून दाखवणारं मोठं स्कॅनर. आम्ही दोघं एकाच मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो, एका डब्यात जेवलो. पुढे मी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकत बसलो आणि तो कुठल्या कुठे गेला. मला त्याचा हेवा वाटतो. हे लिहितानाही वाटतोय.

एका बाबतीत मात्र मी वर होतो. मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं तरी त्यांची जुनी पेट्रोल व्हॅन माझ्याकडे यायची. ज्याने पाना धरायला शिकवलं तो स्वतःची गाडी कोणाच्या हाती देतो, यावर आमच्यातला वरचढ कोण ते ठरणार होतं. निदान माझ्यापुरतं तरी.

नवरात्रात मिस्त्रींचा फोन आला. "व्हॅनचा पिवळा दिवा लागलाय. तापली की बंद पडतीया. गाडीचा बिघाड वाचायचं काय हाय का तुझ्याकडं? न्हाई तर..."

"हाय की!" मी त्यांना मधेच तोडलं. पुढे महाळुंग्याचं नाव येणार याची मला खात्री होती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

माझ्याकडे तसलं काहीच नव्हतं. मोठं स्कॅनर परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून मोबाइलला जोडायची छोटी डबी शोधायला लागलो. ही डबी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचायची आणि गाडीचा बिघाड मोबाइलवर वाचायचा. पाहावं तितके प्रकार. सगळ्या दिसायला सारख्या आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीला यातली कोणती चालेल, हे एका फोनवर सांगणारा माणूस मला माहीत होता. त्याचा नंबरही पाठ होता. त्याला विचारण्यापेक्षा मी रात्रभर उपाशी राहिलो असतो. 'सर्व गाड्यांना चालते' असं लिहिलेली सगळ्यात स्वस्त निळी डबी मी मागवली.

आली तशी शेजारच्या पोल्ट्रीवाल्याच्या नव्या गाडीला लावून पाहिली. झटक्यात जोडली गेली. मोबाइलवर आकडे नाचायला लागले तसा मी मनातल्या मनात महाळुंग्याला जाऊन त्या सोफ्यावर बसून आलो. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन मांडली आणि मधोमध ती डबी ठेवली. पाने, पक्कड, हातोडी, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. डबीला जरा जास्तच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री व्हॅन घेऊन आले. मी ऐटीत डबी खोचली. मोबाइल म्हणाला, गाडी सापडत नाही. काढून पुन्हा खोचली. तेच.

परवा चालत होती, आज चालत नाही; मधे झालं काय, तर पूजा. डबीच्या पिनांकडे पाहिलं तर मुळाशी ओल्या कुंकवाचा लगदा. मला हायसं वाटलं. जुना टूथब्रश आणि पेट्रोल घेऊन मी एकेक पिन घासत बसलो. मिस्त्री स्टुलावर बसून बघत होते.

"दात काढायला लागंल आता ती," ते म्हणाले.

पिना लख्ख झाल्या. पोल्ट्रीवाल्याच्या गाडीला लावली, चालली. व्हॅनला लावली, गाडी सापडत नाही.

"त्याला फोन लाव," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी लावला नसता. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. "निळी हाय का? सगळ्यात स्वस्तातली?" मी हूं म्हणालो. "आरं, त्यात जुन्या गाडीशी बोलायचा भागच घातलेला नसतोय. मीबी तसल्या दोन फेकल्यात. इचारायचं न्हाई व्हय मला? मिस्त्रींच्या डिकीत खोकं हाय बघ, त्यात चालती डबी हाय. मीच दिलीया."

मी मिस्त्रींकडे पाहिलं.

"तेच सांगत हुतो त्या दिवशी," ते म्हणाले. "न्हाई तर माझ्याकडची आणतो. तू बोलू दिलं न्हाईस."

डिकीतलं खोकं उघडलं. मिस्त्रींचे जुने पाने, आणि त्यांच्यात एक काळी डबी. तिच्या पाठीवर कुंकवाचे थर, खालचे काळपट, वरचा यंदाचा. म्हणजे मिस्त्री दर वर्षी त्याची डबी पुजत होते.

डबी लावताच जोडली गेली. क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणारा भाग, असं मोबाइलवर उमटलं. मी इंजिन चालू करून तापू दिलं आणि कान लावला. हादऱ्यागणिक ते अडखळत होतं, तशी हाताने वायर चाचपत गेलो. सेन्सर ठीक होता; त्याची वायर ब्रॅकेटवर घासून सोललेली होती. ती नवी जोडली, वळवून बांधली, आणि व्हॅन मुकाट चालायला लागली. "ह्ये डबी सांगत न्हाई," मिस्त्री म्हणाले. मला बरं वाटलं, पण खोकं अजून उघडंच होतं.

माझ्या पहिल्या पगारातून मी मिस्त्रींना एक चौदा-पंधराचा पाना आणून दिला होता. तो मी खोक्यात शोधत होतो. नव्हता.

"माझा पाना कुटं गेला, मिस्त्री?"

"त्यानं नेला. गॅरेज काढलं तवा म्हणला, बाकी काय नको, तुझा पाना तेवढा पायजे. तुझ्यावानी हात कुणाचा न्हाई म्हणला. दर वर्साला पुजतो की."

मला आनंद व्हायला हवा होता. क्षणभर झालाही. मग पुन्हा तोच हेवा. त्याला हवं ते त्याने सरळ मागून नेलं होतं. ती डबी मलाही मागता आली असती. मिस्त्रींनी लगेच दिली असती, वर हसले असते.

मी डबी फडक्याने पुसली, कुंकू तेवढं राहू दिलं, आणि न मागताच खोक्यात ठेवून झाकण लावलं.